व्हेर्नरचा नियम

आद्य जर्मानिक क्रियारूपांच्या पुनर्रचनेस आधारभूत ठरलेला ध्वनिनियम. याकोप ग्रिमच्या नियमानुसार (१८२२) इंडो-यूरोपीय ‘त्’चा जर्मानिकमध्ये घर्षक ‘थ्’ होतो. प्राचीन इंग्रजीत ‘होणे’ या अर्थाच्या क्रियापदाच्या भूतकाळी एकवचनात (वेआर्थ) तो आढळतो. अनेकवचनात (वुर्दोन) मात्र ‘द्’ येतो. या अपवादाचा उलगडा डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नर (१८४६–९६) याने वैदिक स्वरांच्या साहाय्याने केला. ‘वृत्’ या सजातीय धातूच्या ‘ववर्त’ रूपात उदात्त धातूवर, तर ‘ववृतुः’मध्ये प्रत्ययावर असतो. शब्दमध्य घर्षकाच्या लगत आधीचे अक्षर उदात्त नसल्यास तो सघोष होई. पुढे जर्मानिक आघात आद्याक्षरावर स्थिरावला. मूळ स्वरभेद लोपला, तरी व्यंजनभेद उरला. इंग्रजीतील ‘वॉज’–‘वेअर’ हा त्याचाच अवशेष होय.