नेवासा परिसरातील ख्रिस्ती सेवाकार्य आणि निर्णयाधिकाराचा प्रश्न
नेवासा तालुक्यातील वडाळा हे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र होते. अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) मंडळ्यांना १८५४ मध्येच हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक हे देशी पाळक लाभले. दुष्काळी मदतीची सूत्रे मात्र दीर्घकाळ परदेशी मिशनऱ्यांकडेच राहिली.

शतकानंतर याच जिल्ह्यात कार्यरत असलेल्या स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून साकारलेला भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम या दृष्टीने वेगळा ठरतो. निधी जर्मनीचा; परंतु तो ग्रामसभेने निवडलेली समिती व संस्था यांच्या संयुक्त खात्यात जमा होई. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांचे ठरावही गावाचेच. तथापि वाढलेले पाणी जमीनधारकाच्या विहिरीत गेले, चराईबंदीचा भार शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीनांवर पडला. त्यांना व स्त्रियांना समितीत स्थान देण्याचा आग्रह बहुधा संस्थांनाच धरावा लागला. ग्रामसभेने आपणहून नव्हे.