काचेवरची न दिसणारी चांदी

नव्या खिडक्या बसवल्या, बिलावर ‘लो-ई काच’ असं छापलेलं आहे, पण काच दिसते मात्र साध्या काचेसारखीच. मग जादा पैसे कशाचे मोजले? अमेरिका-युरोपातल्या थंड प्रदेशांत घरमालकांना हा प्रश्न हमखास पडतो. त्याचं उत्तर एक मेणबत्ती देते. पण त्याआधी ही काच आली कुठून, ते पाहू.

मूळ कल्पना थर्मासइतकी जुनी आहे. १८९२ मध्ये जेम्स ड्यूअर यांनी अतिथंड द्रवरूप वायू साठवण्यासाठी दुहेरी भिंतीची बाटली तयार केली. मधली हवा काढून टाकली आणि काचेला चांदीचा मुलामा दिला. उष्णता अदृश्य किरणांच्या रूपानेही निसटते आणि चांदी ते किरण परत फिरवते. पण थर्मासच्या आरपार दिसत नाही, खिडकीतून तर दिसायलाच हवं! घोडं अडलं ते इथे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं आणि घर उबदार ठेवण्याचा खर्च एकाएकी डोळ्यांत भरू लागला. आर्थर रोझेनफेल्ड हे एन्रिको फर्मींचे विद्यार्थी. मूलकण भौतिकीतलं जमलेलं बस्तान सोडून ते ऊर्जाबचतीच्या मागे लागले. बर्कलेच्या प्रयोगशाळेत १९७६ मध्ये स्टीफन सेल्कोविट्झ यांनी खिडक्यांवर संशोधन सुरू केलं. सरकारी मदत सनटेक नावाच्या एका छोट्या कंपनीपर्यंत पोहोचली. मोठे काच कारखानदार त्या वेळी मागेच होते, हे मला तरी फार बोलकं वाटतं. पुढे साउथवॉल हे नाव घेतलेल्या याच कंपनीने १९८१ मध्ये दोन काचांच्या मध्ये ताणून बसवायची, लेप दिलेली प्लास्टिकची पातळ फिल्म बाजारात आणली.

मग काचेवरच लेप चढू लागला. चांदीचा हा थर साधारण १० नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरचा एक लक्षांश! दोन्ही बाजूंना धातूंच्या ऑक्साइडचे थर दिले, की उजेड आत येतो आणि खोलीतली ऊब परत फिरते. साधी काच जेवढी उष्णता किरणांवाटे सोडते, त्याच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी उष्णता ही काच सोडते. ही चांदी हवेने खराब होते, म्हणून ती दोन काचांच्या आत बंदिस्त ठेवावी लागते. दुसरा प्रकार टिन ऑक्साइडचा. तो कारखान्यात गरम काचेवरच चढवतात, तो चिवट असतो, पण उष्णता अडवण्यात थोडा उणा पडतो.

आता मेणबत्ती. संध्याकाळी अंधार पडला, की दुहेरी काचेसमोर, पडदा बाजूला सारून, पेटती मेणबत्ती धरा आणि थोडं तिरकं पाहा. काचेत ज्योतीच्या चार प्रतिमा दिसतील, कारण दोन काचांना मिळून पृष्ठभाग चार. चारही एकाच रंगाच्या असतील, तर चांदीचा लेप नाही. एखादी गुलाबी, जांभळट किंवा निळसर दिसली, तर लेप आहे. आणखी गंमत म्हणजे तो कुठे आहे तेही कळतं. घराच्या आतून पाहताना आपल्याकडून दुसरी प्रतिमा वेगळी असेल, तर लेप आतल्या काचेवर, म्हणजे ऊब राखण्यासाठीची मांडणी. तिसरी वेगळी असेल, तर तो बाहेरच्या काचेवर, म्हणजे ऊन अडवण्यासाठीची. टिन ऑक्साइडच्या लेपात मात्र रंगाचा फरक फिकट असतो, तिथे नजर बारीक हवी.

आणखी एक खूण आहे. थंडीत पहाटे अशा खिडकीवर बाहेरच्या बाजूने दव धरतं. लोक काच बिघडली म्हणून तक्रार करतात. खरं तर घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ती थंड राहते.

आपल्याकडे गरज उलटी, उन्हाला दाराबाहेर ठेवण्याची. २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने मोठ्या व्यापारी इमारतींसाठी काचेतून येणाऱ्या उन्हाच्या उष्णतेला मर्यादा सुचवल्या. घरांतल्या सरकत्या खिडक्यांना बहुधा एकच काच असते. तिच्यासमोर मेणबत्ती धरली, तर प्रतिमा दोनच दिसतील.