कालचा फोटो, आजचा मेंदू

मेंदूतली गाठ काढण्याआधी एमआरआय काढतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण कवटी उघडली, आतलं पाणी वाहून गेलं, की मेंदू खचतो, जागचा सरकतो. कालचा फोटो मग आज जुळत नाही. त्यात काही गाठींची कड नुसत्या डोळ्यांना निरोगी मेंदूसारखीच दिसते. थोडी राहिली तर पुन्हा वाढते, जास्त कापलं तर वाचा जाते किंवा हात लुळा पडतो.

या पेचावर बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये फेरेंक योलेस यांनी मार्ग शोधला. योलेस मूळचे हंगेरीचे. शिकले मेंदूची शस्त्रक्रिया, रमले रेडिओलॉजीत. दोन्हीकडची अडचण त्यांना म्हणूनच उमगली असावी, असं आम्हांला वाटतं. १९९४ साली तिथे नवं यंत्र आलं. चुंबकाची दोन मोठी कडी, मधे सर्जनला उभं राहण्यापुरती फट! पीटर ब्लॅक आणि त्यांचे सहकारी तिथेच उभं राहून शस्त्रक्रिया करत आणि मधेच नवा फोटो पाहत. साधी लोखंडी कात्री चुंबक ओढून घेईल, म्हणून हत्यारं टायटॅनियमची.

पुढे कॅनडात कॅलगरीला गार्नेट सदरलँड यांनी चुंबकच छताच्या रुळावरून रुग्णापाशी आणलं.

खर्च भारी, वेळही जास्त. मग उपयोग किती? फ्रँकफर्टच्या डॉक्टरांनी २०११ साली आकडे छापले: नेहमीच्या पद्धतीने २५ पैकी १७ जणांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली, या यंत्राच्या मदतीने २४ पैकी २३ जणांची.