एका तारखेचे पाच दिवस

शाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात ‘दिनविशेष’ लिहिण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. वर्तमानपत्रांनी ती उचलली, आकाशवाणीने उचलली, आणि आता ती प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर रोज सकाळी येऊन पोचते. या सदराचा गाभा एकच : तारीख सारखी असली की माणसे आणि घटना एका ओळीत बसवायच्या. शतके वेगळी, देश वेगळे, कामे वेगळी असली तरी चालते. तारखेचा धागा पुरेसा मानला जातो.

हा धागा किती पक्का आहे, हे एकाच तारखेपुरते तपासावे असे मी ठरवले. निवडली ती १९ फेब्रुवारी, कारण महाराष्ट्रात या तारखेची ओळख करून द्यावी लागत नाही. तिच्या खाली मी पाच नोंदी घेतल्या. १४७३ : पोलंडमधील तोरुन गावी निकोलस कोपर्निकसचा जन्म. १६०० : दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात हुआयनापुतिना ज्वालामुखीचा महाउद्रेक. १६३० : शिवनेरीवर छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म. १८६१ : रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची भूदासमुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही. १९१५ : पुण्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन.

पाचही नोंदी बरोबर आहेत. तरी जंत्री घेऊन बसलो आणि आज आपण जी कालगणना वापरतो तिच्यात पाचही दिवस मांडले, तेव्हा यादी विस्कटली. कोपर्निकसचा जन्मदिवस २८ फेब्रुवारीवर गेला, शिवरायांचा १ मार्चवर, झारची सही ३ मार्चवर. १९ फेब्रुवारीला जागच्या जागी राहिले ते दोघेच : पेरूचा ज्वालामुखी आणि गोखले.

याचे मूळ सर्वांना ठाऊक असलेल्या एका हिशेबात आहे. ज्यूलियस सीझरच्या नावाने चालणाऱ्या पंचांगात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरलेले होते. ऋतूंचे खरे वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. ही ११ मिनिटे साचत साचत दर १२८ वर्षांनी एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात ठरलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी येऊ लागला आणि त्यावर अवलंबून असलेला ईस्टरचा सण सरकला. अखेर पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार.

या दुरुस्तीच्या कथेत कोपर्निकस स्वतः आहे. सूर्य मध्यभागी ठेवणारा त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये निघाला. पोप तिसरा पॉल याला उद्देशून लिहिलेल्या त्याच्या अर्पणपत्रिकेत तो पंचांगाची अडचण मांडतो : वर्षाची आणि महिन्याची लांबी पुरेशी नेमकी ठाऊक नव्हती, म्हणून आधीची सुधारणा अडून राहिली. त्याच्या गणितावर बेतलेली ग्रहकोष्टके पुढे युरोपभर वापरात आली. तरीही त्याची स्वतःची जन्मतारीख आपण जुन्याच गणनेत सांगतो. तो जन्मला तेव्हा नवी गणना नव्हतीच, म्हणून हे योग्यही आहे. १५८२ च्या आधीच्या तारखा जशा होत्या तशा ठेवायच्या, हा इतिहासकारांचा संकेत आहे.

खरा घोळ १५८२ नंतर सुरू होतो. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतील राज्यांनी पोपची आज्ञा लगेच पाळली. म्हणून स्पेनच्या ताब्यातील पेरूमध्ये १६०० साली ज्वालामुखी फुटला त्याची तारीख नव्या गणनेतली आहे. दक्षिण अमेरिकेच्या लिखित इतिहासातला हा सर्वांत मोठा उद्रेक. १६०१ चा उन्हाळा उत्तर गोलार्धात विलक्षण थंड गेला, आणि रशियात १६०१ ते १६०३ या काळात जो भीषण दुष्काळ पडला त्याचा संबंध अभ्यासक या राखेशी जोडतात. प्रॉटेस्टंट इंग्लंडने मात्र पोपचे पंचांग नाकारले आणि ते १७५२ पर्यंत नाकारतच राहिले.

आता आपल्या किनाऱ्यावर या. शिवकाळात गोव्याचे पोर्तुगीज नव्या गणनेने पत्रे लिहीत होते आणि सुरतेच्या वखारीतले इंग्रज जुन्या गणनेने. एकाच दिवशी, एकाच समुद्राकाठी, दोघांच्या कागदावर दहा दिवसांचे अंतर पडत असे. रायगडावरील राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. आपण ६ जून १६७४ म्हणतो ती त्याच्या गणनेतली तारीख. नव्या गणनेने तो दिवस १६ जून येतो. इंग्रजांचे अधिकृत वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, हा आणखी एक गुंता. शिवजन्माची बातमी त्या फेब्रुवारीत एखाद्या इंग्रज कारकुनाने टिपली असती, तर त्याने साल १६२९ घातले असते.

हा संकेत सगळीकडे सारखाही पाळला गेलेला नाही. जॉर्ज वॉशिंग्टन जन्मला तेव्हा व्हर्जिनियात इंग्रजांचे जुने पंचांग होते आणि त्या नोंदीप्रमाणे तारीख ११ फेब्रुवारी १७३१ येते. अमेरिकेने ती बदलून घेतली आणि २२ फेब्रुवारी १७३२ केली. महाराष्ट्राने शिवरायांची तारीख तशी बदलली नाही. दोन्ही निवडी आहेत, आणि दोन्हींमागे कारणे आहेत. आपल्या इतिहासकारांची बरीच समकालीन साधने इंग्रजी वखारींची, म्हणून तिथी बदलून तारीख लिहिताना त्याच गणनेत लिहिणे सोयीचे झाले.

पण शिवरायांची मूळ नोंद तारखेत नाहीच. ती तिथीत आहे. आणि ती तिथी कशी हाती लागली, हा मराठी इतिहास-संशोधनातला एक सुंदर प्रसंग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७, हा जन्मदिवस रूढ होता. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी भारत इतिहास संशोधक मंडळापुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली ठेवली. शके १५४० पासूनच्या घडामोडींची ती कोरडी, विशेषणे नसलेली टिपणे. तिच्यात शिवजन्म होता फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, वार शुक्रवार, शिवनेरी. जुन्या समजुतीपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी अलीकडे.

एका शकावलीवर कोण विश्वास ठेवणार? वाद झडले. मग महाराजांच्याच काळातील कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातही तीच तिथी निघाली. जोधपूरच्या एका संग्रहात सापडलेली जन्मपत्रिकाही त्याच दिवसाची. एकमेकांना न ओळखणारे तीन साक्षीदार एकच दिवस सांगत होते.

माझ्या मते यातला सर्वांत बोलका शब्द आहे ‘शुक्रवार’. वर्ष बदलते, महिने अधिक होतात, तिथीचा क्षय होतो, पोप दहा दिवस गाळतो. वार मात्र कोणी मोडलेला नाही. १५८२ मध्येही गुरुवारनंतर शुक्रवारच आला. म्हणून जुन्या कागदात तिथीसोबत वार असेल तर तो कागद तपासता येतो. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ची तारीख गणिताने काढली की जुन्या गणनेने १९ फेब्रुवारी, नव्या गणनेने १ मार्च येते, आणि वार दोन्हीकडे शुक्रवार. ज्याने कोणी ती ओळ लिहिली त्याला हे गणित करून बघण्याचे कारण नव्हते. तो वार त्याच्यापर्यंत घटनेबरोबरच आला असावा.

गंमत म्हणून मी इतर नोंदींचे वारही काढले. कोपर्निकस शुक्रवारी जन्मला. गोखले शुक्रवारी गेले. पेरूचा डोंगर शनिवारी फुटला आणि झारने रविवारी सही केली. यातून कसलाही योग निघत नाही. पाचांतले तीन शुक्रवार हा निव्वळ योगायोग. पण तारखेचा योगायोगही याच जातीचा असतो, हे लक्षात यायला तो उपयोगी पडला.

झारच्या सहीची गोष्टही बघण्यासारखी आहे. रशियाने जुने पंचांग १९१८ पर्यंत सोडले नाही आणि एकोणिसाव्या शतकात ते बारा दिवस मागे होते. त्यामुळे दोन कोटींहून अधिक भूदासांना मुक्त करणारा हा जाहीरनामा रशियाच्या इतिहासात ‘१९ फेब्रुवारी’ या नावानेच ओळखला गेला. उरलेल्या जगासाठी तो दिवस ३ मार्च १८६१ होता. दुसऱ्याच दिवशी, ४ मार्चला, वॉशिंग्टनमध्ये अब्राहम लिंकनने अध्यक्षपदाची शपथ घेतली. रशियाची तारीख जशीच्या तशी वाचली तर दोन घटनांत दोन आठवड्यांचे अंतर दिसते आणि त्यांचे शेजारपण हरवते. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेतील गुलामी संपवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांच्या महाराष्ट्राला हे शेजारपण महत्त्वाचे वाटायला हवे.

शेजारपण हाच मला या सगळ्यातला मुख्य मुद्दा वाटतो. कोणते पंचांग धरायचे यावर कोणाशेजारी कोण बसणार ते ठरते. तिथी धरली तर शिवजन्म होळीपौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी येतो आणि त्याच्या आदल्या दिवशी असते तुकाराम बीज, फाल्गुन वद्य द्वितीया. देहूचा सोहळा आटोपतो आणि दुसऱ्या दिवशी शिवनेरीची आठवण निघते. तारीख धरली की तुकोबा दूर जातात. फाल्गुनात मीन संक्रांत पडते आणि ती आता १४ मार्चच्या आसपास असते. त्यामुळे फाल्गुन वद्य तृतीया आजच्या काळात १९ फेब्रुवारीला येऊच शकत नाही. दोन शिवजयंत्या कधीही एकत्र येणार नाहीत. दिवाळी आपण तिथीने करतो आणि गांधीजयंती तारखेने, त्यावर कोणी भांडत नाही. शिवजयंतीवर भांडण होते, कारण तिथे दोन्ही पंचांगांना हक्क सांगता येतो.

शतक बदलता बदलता महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी स्वीकारली. सार्वजनिक व्यवहाराला स्थिर दिवस लागतो, तेव्हा या निर्णयात गैर काही नाही. पण त्या तारखेला एक जुना रहिवासी होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले तेव्हा ते अवघे ४८ वर्षांचे होते. दहा वर्षांपूर्वी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला होता. १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. जे त्यांना शिष्यवत होते ते गांधी नुकतेच दक्षिण आफ्रिकेतून परतून शांतिनिकेतनात होते. बातमी कळताच ते पुण्याला निघाले. आयुष्यभराचे विरोधक टिळक अंत्यसंस्काराला हजर राहिले आणि मोकळ्या मनाने त्यांच्याविषयी बोलले.

त्याच टिळकांनी पुढच्याच वर्षी जेधे शकावली मंडळापुढे ठेवली. ‘ओरायन’ लिहिणारे, पंचांगशोधनात जन्मभर रमलेले टिळक. तिथीची किंमत त्यांच्याइतकी कोण ओळखणार? त्या एका कागदातून निघालेला दिवस ऐंशीहून अधिक वर्षांनी सरकारी दिनदर्शिकेत गेला आणि नेमका गोखल्यांच्या पुण्यतिथीवर जाऊन बसला. यात टिळकांचा हेतू शोधणे हास्यास्पद ठरेल. परिणाम मात्र डोळ्यांसमोर आहे. १९ फेब्रुवारीला गावोगाव मिरवणुका निघतात, आणि त्याच दिवशी गोखल्यांचे नाव घेणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

शिवरायांची थोरवी तारखेवर अवलंबून नाही, आणि गोखल्यांची आठवण काढल्याने त्या दिवसाचे काही उणे होत नाही. सामान्य मुलाला सक्तीने आणि फुकट शिकवावे, यासाठी कायदेमंडळात झगडणाऱ्या माणसाचे नाव शाळेच्या फळ्यावर नसावे, हे मात्र मला खटकते. दिनविशेष लिहिणाऱ्या शिक्षकांना म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शिवजन्माच्या ओळीत तारखेसोबत तिथी आणि वारही लिहावा : फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. एखादा विद्यार्थी विचारील, मार्चातली तिथी फेब्रुवारीत कशी? मग त्याला कोपर्निकसपासून जेध्यांपर्यंतची गोष्ट सांगता येईल. आणि त्याखाली आणखी एक ओळ घालावी : नामदार गोखले, १९१५, तोही शुक्रवारच.