बॅटरीवाला फोन

गेल्या महिन्यात एका मित्राच्या कामासाठी सायवनला जाणं झालं. चारोटी नाक्याला हायवे सोडून कासा ओलांडलं, की डहाणू तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग लागतो. वस्ती बहुतेक वारली. मित्र त्याच्या कामात आणि मी रिकामटेकडा, म्हणून एका मोबाइलच्या दुकानात जाऊन बसलो. (सॉफ्टवेअरवाला सुट्टीच्या दिवशी दुसरं काय करणार! :-))

तिथे एक आजी आल्या. मुलाने दिलेला टचचा फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "हा नको, बटणाचा दे." मला वाटलं, पैशाची अडचण असेल. पण टचचा तर घरचाच होता. उलट बटणाचाच विकत घ्यावा लागणार होता! दुकानदार म्हणाला, "अपडेट आल्यापासून फोन उचलायची पद्धत बदललीय सर. आधी वर सरकवायचं होतं, आता आडवं. दोन दिवस पोरीचा फोन वाजत होता, आजींना उचलताच येईना."

तेव्हापासून हा किडा डोक्यात वळवळतोय. आपण मोबाइलचा इतिहास सांगतो तो बहुतेक किमतींचा असतो. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत पडायचे, आणि आलेल्या कॉलचेही पैसे! मग २००३ साली इनकमिंग फुकट झालं, त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरा आणि हँडसेट घेऊन जा अशी योजना काढली, आणि मोबाइल ही साहेबाच्या कमरेची वस्तू राहिली नाही.

पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट आली, नोकिया ११००. आपल्यापैकी कित्येकांचा पहिला फोन! कॅमेरा नाही, रंग नाही. पण डोक्यावर बॅटरी. 'सी' चं बटण दाबून धरलं की उजेड. कीपॅड एकसंध रबराचा, आत धूळ जाऊ नये म्हणून. घामेजल्या हातातून सुटू नये म्हणून बाजूला खरखरीत पकड. जगभरात २५ कोटींच्या वर खपला. तो स्वस्त होता म्हणून खपला हे अर्धंच खरं. वीज जाते, रस्ता धुळीचा आहे, हे कुणीतरी आधी जाऊन बघितलं होतं. २००७ च्या नोकिया १२०० मध्ये तर एकाच फोनमध्ये पाच वेगवेगळ्या फोनबुक ठेवता यायच्या, कारण अख्खं घर एकच फोन वापरतं हेही त्यांनी पाहिलं होतं. मला विचाराल तर ही खरी इंजिनिअरिंग. असो.

स्मार्टफोनचं गणित उलटं झालं. २००८ मध्ये आयफोन ३जी भारतात ३१,००० ला आला. सहाच वर्षांनी, २०१४ मध्ये, अँड्रॉइड वनचे फोन ६,३९९ ला, आणि इंटेक्सचा फायरफॉक्सवाला तर १,९९९ ला! किंमत अशी धडाधड कोसळली, पण भाषा मागेच रेंगाळली. सुरुवातीच्या अँड्रॉइडवर मराठी वेबसाइट उघडली की नुसते चौकोन दिसायचे, आठवतंय? अख्खा मेनू मराठीत मिळायला २०१४ चं अँड्रॉइड ५.० यावं लागलं. टाइप करण्याचा प्रश्न मात्र आपल्या इथेच कुणीतरी नीट हाताळला. आयआयटी मुंबईत अनिरुद्ध जोशी आणि मंडळींनी 'स्वरचक्र' बनवलं. 'क' वर बोट ठेवा, भोवती का, कि, की, कु यांचं चाक उघडतं. बाराखडी शिकलेल्या माणसाला वेगळं काही शिकावंच लागत नाही. काय सुंदर कल्पना आहे!

पण त्यालाही बाराखडी यावी लागते. आणि सायवनच्या घराघरांत बोलतात ती वारली. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही. २०१६ साली सरकारने फोनवर भारतीय भाषा सक्तीच्या केल्या, त्या याच २२. म्हणजे आजींना वाचायचं तर परक्या भाषेतच, आणि वाचता येत नसेल तर फोनवरची खूण कुठे आहे हे पाठच करावं लागणार. त्यांनी ते पाठ केलंही होतं. एका रात्रीत आपण खूणच हलवली.

'आपण' मुद्दाम म्हणतोय. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका अॅपमधलं 'पुढे' चं बटण खालून वर नेलं होतं. स्क्रीन मोकळी दिसते म्हणून. बदल माझाच होता, आणि डेमोला टाळ्याही पडल्या होत्या. ते अॅप कोण वापरतं हे मी कधी बघायला गेलो नव्हतो.

दुकानदाराने नवा बटणाचा फोन चालू केला. दोनचं बटण दाबून धरलं की मुलगी, तीनचं दाबून धरलं की जावई, असं लावून दिलं. आजींनी दोनचं बटण तिथेच दाबून पाहिलं. पलीकडून आवाज आल्यावर हसल्या, जरा वेळ वारलीत बोलल्या. फोन ठेवला आणि दुकानदाराला विचारलं, "बॅटरी आहे ना याला?"

होती.