डेन्मार्कच्या पवनचक्क्या: हवामानाच्या आधीची कहाणी

डेन्मार्कमध्ये आज निर्माण होणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते. तापमानवाढीच्या चर्चेत हे उदाहरण इतक्या वेळा दिले जाते की, त्यामागे एखाद्या दूरदर्शी सरकारची आखीव योजना असावी असे वाटू लागते. प्रत्यक्षात ज्यांनी सुरुवातीच्या चक्क्या उभारल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात कार्बन डायऑक्साइडचा विचारही नव्हता. मग त्यांनी त्या का उभारल्या? आजचा धागा त्याविषयी.

आरंभ १८९१ पासून करू. जटलंडमधील आस्कोव्ह येथे एक लोकविद्यालय होते. ग्रुंटविग यांच्या विचारांतून निघालेल्या या शाळांत शेतकरी कुटुंबांतील तरुण येत. तेथे परीक्षा नसे. आस्कोव्हमधील शिक्षक पौल ला कूर यांनी पवनचक्कीवर वीज तयार केली. वारा पडला की वीज जाते, ही अडचण तेव्हाही होतीच. त्यावर त्यांनी विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवला आणि शाळेचे दिवे त्यावर लावले. हायड्रोजनमध्ये थोडा प्राणवायू मिसळला की स्फोट होई आणि खिडक्यांची तावदाने नव्याने बसवावी लागत. ‘हरित हायड्रोजन’ ही कालपरवाची कल्पना वाटणाऱ्यांसाठी ही नोंद.

ला कूर यांचे त्याहून मोठे काम म्हणजे त्यांनी खेड्यांसाठी वीजतंत्रज्ञ घडवले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटची चक्की उभारली. तीन पाती, पात्यांचे तोंड वाऱ्याकडे आणि वेग वाढला की आपोआप उघडणारे, पात्यांच्या टोकांवरचे ब्रेक. ती १९६७ पर्यंत चालली. तेल स्वस्त होते. कोणाला तिची गरज उरली नाही.

१९७३ च्या तेलसंकटाने हे चित्र पालटले. त्या वेळी देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. रविवारी खासगी मोटारी चालवण्यास बंदी आली. वीजकंपन्यांनी आणि सरकारने अणुऊर्जेचा मार्ग सुचवला आणि त्याविरुद्ध १९७४ मध्ये देशव्यापी संघटना उभी राहिली. ‘अणुऊर्जा? नको, धन्यवाद’ म्हणणारा तो हसरा सूर्य १९७५ मध्ये या चळवळीतूनच जन्मला. नुसता नकार पुरेसा नाही, पर्याय दाखवला पाहिजे, हे कार्यकर्त्यांना कळत होते. पर्याय यूल यांच्या रचनेत तयारच होता.

ट्विंड येथील शाळेत शिक्षक आणि स्वयंसेवकांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली प्रचंड चक्की १९७८ मध्ये फिरू लागली. ती आजही उभी आहे. (त्या शाळासमूहाचा पुढचा इतिहास बराच वादग्रस्त आहे; तो वेगळ्या धाग्याचा विषय.) त्याच वर्षी रिसो येथील प्रयोगशाळेत पवनचक्क्यांचे परीक्षण केंद्र सुरू झाले. रिसोची स्थापना मुळात अणुसंशोधनासाठी झाली होती! १९७९ पासून चक्कीच्या खर्चाच्या ३० टक्के अनुदान मिळू लागले. मात्र रिसोची मान्यता असलेल्या चक्कीलाच.

चक्क्या बनवणारे कोण होते, हेही पाहण्यासारखे आहे. व्हेस्टास शेतीची अवजारे आणि क्रेन बनवत असे, बोनस सिंचनाची यंत्रे, तर नॉर्डटँक टँकर. या मंडळींनी लहान चक्कीपासून सुरुवात केली आणि बिघाड झाला की सुधारणा करत आकार वाढवत नेला. चक्कीमालकांच्या संघटनेच्या मासिकात कोणत्या चक्कीने किती वीज दिली आणि कुठे काय मोडले, हे छापून येई. कारखानदाराला दोष लपवायला जागाच नव्हती. माझ्या मते या कहाणीतील सर्वांत दुर्लक्षित कागदपत्र म्हणजे हे मासिक. उलट जर्मनीने ग्रोवियान ही ३ मेगावॅटची, १०० मीटर व्यासाची चक्की एकदम उभारली. १९८३ मध्ये सुरू झालेली ती चक्की तडे जाऊन बहुतेक काळ बंदच राहिली आणि काही वर्षांत मोडीत निघाली.

मालकीचा प्रश्न डॅनिश लोकांनी सहकाराने सोडवला. हे त्यांना नवे नव्हते. १८८२ पासून तेथे सहकारी दूधडेअऱ्या होत्या. शेजारची कुटुंबे मिळून एक चक्की घेत. भागधारक जवळपास राहणारा असावा आणि त्याचे भाग त्याच्या घरच्या वीजवापराच्या प्रमाणात असावेत, असे निर्बंध होते. पुढे एक लाखाहून अधिक कुटुंबांचा चक्क्यांत वाटा झाला. चक्कीचा आवाज येतो, ती डोळ्यांत खुपते, ही तक्रार तेव्हा फारशी का नव्हती, याचे एक उत्तर येथे सापडते.

तरीही कौतुकाला लगाम घालायला हवा. १९८५ मध्ये संसदेने अणुऊर्जा योजनेतून वगळली, पण तेलाची जागा वाऱ्याने घेतली नाही. ती प्रामुख्याने आयात कोळशाने घेतली. हवामानाच्या दृष्टीने १९८० चे दशक मुळीच आदर्श नव्हते. कार्बन उत्सर्जन राष्ट्रीय धोरणात ठळकपणे आले ते १९९० च्या ‘ऊर्जा २०००’ आराखड्यात: १९८८ च्या तुलनेत २००५ पर्यंत २० टक्के घट. १९९२ मध्ये कार्बनवर कर आला. दरम्यान १९७९ च्या उष्णतापुरवठा कायद्याने नगरपालिकांना नियोजनाचे अधिकार दिले होते. वीजकेंद्रातील वाया जाणारी उष्णता नळांतून घरोघर नेण्याची ही व्यवस्था आज सुमारे दोन तृतीयांश घरांपर्यंत पोहोचली आहे. चक्कीसारखे तिचे छायाचित्र काढता येत नाही, म्हणून बहुधा तिची चर्चा होत नाही.

१९९१ मध्ये विंडेबीच्या किनाऱ्यालगत जगातील पहिला सागरी पवनप्रकल्प उभा राहिला: ११ चक्क्या, एकूण सुमारे ५ मेगावॅट. २००० मध्ये कोपनहेगनसमोर मिडलग्रुंडेन येथे २० चक्क्या आल्या. त्यांतील निम्म्या ८,५०० हून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या होत्या. त्यानंतर चक्क्या मोठ्या होत गेल्या, भांडवल मोठे लागू लागले, कंपन्या आल्या आणि गावोगावी विरोधही वाढला. अखेर २००९ मध्ये कायदा लागू करावा लागला: नव्या चक्कीचे किमान २० टक्के भाग प्रथम साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना देऊ करणे तेव्हा बंधनकारक झाले. त्याच्या तीस वर्षांपूर्वी जे शेजारी आपणहून करत होते, ते तेव्हा कायद्याच्या कलमात आले.