कोळशाची दोन घराणी

तूस, पऱ्हाट्या, पाचट, शेण, काहीही कमी हवेत भाजलं की बायोचार तयार होतो आणि दूषित पाण्यातलं शिसं, कॅडमियम तो धरून ठेवतो. त्याचा वारसा दोन घराण्यांतून आला आहे आणि ती एकमेकांना बराच काळ ओळखतही नव्हती.

पहिलं घराणं औषधशाळेचं. 1785 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ टार्टारिक आम्ल शुद्ध करत होता. द्रावण तपकिरी पडे. कोळशाची पूड घातल्यावर ते नितळ झालं. सडक्या पाण्याची दुर्गंधीही त्याने कोळशानेच घालवून दाखवली. पुढे साखर कारखान्यांनी ही युक्ती उचलली, पण मुख्यतः हाडांच्या कोळशाने. फळांच्या टाकाऊ भागाची पाळी आली पहिल्या महायुद्धात. 1918 मध्ये अमेरिकी नागरिकांना पीचच्या कोयी आणि कठीण कवचाच्या फळांची टरफलं जपून ठेवायला सांगितलं गेलं, कारण त्यांचा घट्ट, बारीक छिद्रांचा कोळसा मुखवट्यात विषारी वायू अडवायचा.

दुसरं घराणं ॲमेझॉनच्या काठचं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांभोवती राख, हाडं, खापरं आणि कोळसा मिसळत पिढ्यानुपिढ्या काळी, कसदार माती तयार झाली. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुकने 1966 च्या पुस्तकात तिची दखल घेतली.

सोयरीक जुळली ती 2000 नंतर. फ्लोरिडातला 2009 चा प्रयोग मला यात सर्वांत बोलका वाटतो. गोठ्यातलं शेण अवघ्या 200 अंशांवर भाजलं, तर त्याने बाजारातल्या सक्रिय कोळशाच्या सहापट शिसं ओढलं! ही छिद्रांची किमया नव्हती. छिद्रं सक्रिय कोळशातच जास्त. काम केलं शेणातल्या फॉस्फेटने. शिशाशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा साका बसला. म्हणजे कचरा कोणता आणि तो किती भाजला, यावर बरंच काही ठरतं.

आर्सेनिकशी मात्र साध्या बायोचारचं फारसं जमत नाही. पाण्यात ते बरेचदा ऋणभारित रूपात असतं आणि कोळशाचा पृष्ठभागही ऋणभारित; म्हणून लोहक्षारांची जोड द्यावी लागते. हे न पाहता कोणत्याही दूषित जमिनीत बायोचार टाकायला सांगणं धोक्याचं आहे.

चीनमध्ये कॅडमियमग्रस्त भातखाचरांत गव्हाच्या काडाचा बायोचार हेक्टरी 40 टनांपर्यंत घालून पाहिला. तांदळातलं कॅडमियम उतरलं, पण धातू शेतातच राहिला, मुळांना तेवढा कमी मिळू लागला. माती पुन्हा आम्लधर्मी झाली तर तो सुटू शकतो. त्यामुळे अशा शेतात माती आणि दाणे दोन्ही तपासत राहावे लागतात.